स्पंदित प्रकाशाचे शोध : श्रेय दिव्याचे की खटक्याचे?

किरणोत्सुक

नमस्कार मंडळी. प्रकाशाचा झोत अखंड न सोडता त्याचे तुकडे करून सोडले तर त्यातून काय काय साधता येते, याचा इतिहास मी सध्या सवडीने वाचत आहे. अंतर मोजणारी लायडार यंत्रे, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया, बोटाला चिमटा लावून रक्तातील ऑक्सिजन सांगणारे उपकरण, इतकेच काय पण टीव्हीचा रिमोट, या सगळ्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. प्रकाश ठरलेल्या क्षणी सुरू करायचा आणि ठरलेल्या क्षणी तोडायचा.

वाचताना एक गोष्ट मात्र खटकत राहिली. गौरवाचे सगळे शब्द प्रकाशाच्या उगमाच्या वाट्याला येतात. पहिला लेझर कोणी पेटवला हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडते; पण लेझर डायोडमधून (वीज दिली की लेझर प्रकाश देणाऱ्या इवल्या स्फटिकातून) काही नॅनोसेकंदांपुरता (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) तीस-चाळीस अँपिअरचा प्रवाह सोडून तो तितक्याच चपळाईने थांबवणारे ड्रायव्हर सर्किट कोणी रचले, हे कोणी विचारतही नाही. माझे मत असे आहे की या क्षेत्रातील बहुतेक शोधांत खरी करामत खटक्याची असते, दिव्याची नव्हे.

उदाहरणादाखल १८४९ साल घ्या. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे खास असा कोणताच दिवा नव्हता. त्याच्याकडे ७२० दाते असलेले एक फिरते चाक होते. दात्यांमधल्या फटींतून निघालेला प्रकाश ८.६ किलोमीटरवरच्या आरशावर जाऊन परतेपर्यंत चाक इतके सरकायचे की परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत पुढचा दाता यायचा आणि प्रकाश दिसेनासा व्हायचा. सेकंदाला १२.६ फेऱ्यांच्या वेगाला हे घडले आणि त्यावरून प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख १३ हजार किलोमीटर निघाला. जमिनीवरच्या जमिनीवर प्रकाशाचा वेग मोजण्याची ती पहिली यशस्वी खटपट होती, आणि तिचा नायक एक दातेरी चाक होते.

आपणास काय वाटते? विशेषतः ज्यांनी स्वतः लेझर ड्रायव्हर बांधले आहेत, त्यांनी अवश्य लिहावे.

काजवा

आमच्या कुळात दिवा आणि खटका दोन्ही अंगभूत असल्यामुळे या वादात आम्ही तटस्थ आहोत.

जुनाजाणता

किरणोत्सुक, आपल्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे आणि त्यासाठी लेझरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. एमआयटीमधील हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात जे केले ते आठवा. वायू भरलेल्या नळीतून कपॅसिटरमधला, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकातला, विद्युतभार एकदम मोकळा करायचा, म्हणजे डोळे दिपवणारा पण अतिशय अल्पायुषी प्रकाश मिळतो. दुधाच्या थेंबाचा उसळलेला मुकुट आणि सफरचंद भेदून जाणारी बंदुकीची गोळी ही त्यांची छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिली असतील. एजर्टन हे पेशाने विद्युत अभियंते होते, ही गोष्ट मला बोलकी वाटते. कॅमेऱ्याचे झडपेसारखे उघडणारे शटर तितके जलद करणे अशक्य होते, म्हणून त्यांनी शटर उघडेच ठेवले आणि प्रकाशच क्षणभंगुर केला.

१९६० साली मेमन यांनी ह्यूजच्या प्रयोगशाळेत पहिला लेझर चालवला, तेव्हा माणकाच्या कांडीभोवती जो मळसूत्री दिवा होता तो याच घराण्यातला, छायाचित्रणाच्या बाजारात तयार मिळणारा झेनॉन फ्लॅश होता. म्हणजे लेझरचा जन्मच मुळी कपॅसिटरच्या साठ्यातून झाला.

निळीशाई

दोन्ही प्रतिसाद वाचले आणि नम्रपणे असहमत आहे. जुनाजाणता यांनी दिलेलेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. फ्लॅशचा दिवा आणि कपॅसिटर दोन्ही बाजारात मिळत होते, हे तुम्हीच म्हणता. मग नवे काय होते? माणकातील क्रोमियमच्या अणूंचे वर्तन पुन्हा मोजून, ते काम देईल हे मेमन यांनी ओळखले, आणि तेही अनेक नामवंत मंडळी माणकाला बाद ठरवत असताना. इतरांचा ओढा अखंड चालणाऱ्या लेझरकडे होता. मेमन यांनी क्षणापुरता चालणारा लेझरही पुरेसा मानला. ही दृष्टी पदार्थविज्ञानाची आहे, सर्किटाची नाही.

फिझोच्या चाकाबद्दलही तेच म्हणेन. दातेरी चाके घड्याळजी शतकानुशतके बनवत आले होते.

किरणोत्सुक

@निळीशाई, मुद्दा मान्य करण्यासारखा आहे. पण मेमन यांच्या लेझरमधून बाहेर पडणारा प्रकाश कसा होता तेही पाहायला हवे. तो एकच सुबक स्पंद नव्हता, तर मिलिसेकंदाच्या आसपास चालणारी वेड्यावाकड्या उसळ्यांची माळ होती. तिला वळण लावले ते हेलवर्थ यांनी. १९६१मध्ये त्यांनी क्यू-स्विचिंगची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी मॅकक्लंग यांच्यासह ती प्रत्यक्षात आणून दाखवली. लेझरच्या दोन आरशांमधली वाट मुद्दाम बंद ठेवायची, माणकात ऊर्जा साचू द्यायची आणि मग वाट एकदम उघडायची. हे दार म्हणजे नायट्रोबेन्झिन भरलेला केर सेल (व्होल्टेजच्या जोरावर प्रकाशाची वाट उघडणारी-मिटणारी पेटी), आणि त्याला हलवणारे उच्च व्होल्टेजचे स्पंद. तीच कांडी, तोच दिवा, पण शिखरशक्ती किलोवॅटवरून मेगावॅटवर गेली. खटक्याच्या बाजूने याहून चांगला साक्षीदार मला सापडणार नाही.

अर्धवाहक

चर्चा रंगत आहे. माझा व्यवसाय अर्धवाहक लेझरशी संबंधित असल्यामुळे थोडी भर घालतो.

डायोड लेझरच्या बाबतीत स्पंद ही निवड नव्हती, ती अगतिकता होती. १९६२ साली रॉबर्ट हॉल यांच्या गटाने जनरल इलेक्ट्रिकमध्ये गॅलियम आर्सेनाइडचा पहिला डायोड लेझर चालवला तो द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत आणि स्पंदित प्रवाहावर. लेझर क्रिया सुरू होण्यासाठी लागणारी प्रवाहघनता इतकी प्रचंड होती की अखंड प्रवाह सोडल्यास तो इवलासा स्फटिक जळून गेला असता. १९७० साली लेनिनग्राडमध्ये अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी व पॅनिश यांनी वेगवेगळ्या अर्धवाहकांचे थर एकमेकांवर रचून सामान्य तापमानाला अखंड चालणारा डायोड दिला, तेव्हा कुठे ही सक्ती संपली. त्यामुळे पहिल्या आठ वर्षांत या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण नाइलाजाने ड्रायव्हर तज्ज्ञ होता, असे म्हणायला हरकत नाही.

आजही लायडारमधले ९०५ नॅनोमीटरचे शक्तिशाली डायोड हे केवळ स्पंदांसाठीच घडवलेले असतात. ७५ वॅटचा डायोड म्हटल्यावर नवख्या माणसाला भट्टी आठवते. प्रत्यक्षात तो पाच नॅनोसेकंदांसाठी ७५ वॅट देतो. सेकंदाला दहा हजार स्पंद सोडले तरी सरासरी प्रकाशशक्ती चार मिलिवॅटच्या आतच राहते. माहितीपत्रकात चालू राहण्याचे प्रमाण बहुधा एक हजारांशाच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. हा नियम ड्रायव्हरने पाळायचा असतो, डायोडला स्वतःला तो पाळता येत नाही.

भिंगरी

या धाग्यावर सर्किटाचे जाणकार दिसत आहेत म्हणून थोडे धाडस करून विचारते. मी हौसेखातर अंतरमापक बनवत आहे. ९०५ नॅनोमीटरचा, धातूच्या डबीतला, लांब पायांचा डायोड आहे. २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर कपॅसिटर भरून ठेवला आहे आणि मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक खटक्याने तो डायोडमधून मोकळा करते. मॉस्फेटचे गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारे टोक, थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला जोडले आहे. अपेक्षा पाच नॅनोसेकंदांच्या स्पंदाची होती. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, जे दिसते ते शेकडो नॅनोसेकंदांचे एक गबाळे टेकाड आहे आणि त्यामागे डचमळणारी शेपटी. कोड तर बरोबर आहे. कुठे शोधू?

ओमचा_नियम

@भिंगरी, आपला प्रश्न मूळ विषयाला धरूनच आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आपल्याकडे एक नव्हे तर किमान दोन अडचणी एकमेकांवर चढून बसल्या आहेत.

पहिली अडचण गेटची. मॉस्फेट चालू करायचा म्हणजे त्याच्या गेटवर ठरावीक विद्युतभार भरावा लागतो. तो दहा नॅनोकूलंब धरू. मायक्रोकंट्रोलरची पिन फार तर वीस मिलिअँपिअर देते. भागाकार केल्यास ५०० नॅनोसेकंद येतात. आपले टेकाड तिथूनच आले आहे. पिन आणि मॉस्फेट यांच्यामध्ये काही अँपिअर देऊ शकणारी गेट ड्रायव्हर चिप हवीच. जमल्यास सिलिकॉनच्या मॉस्फेटऐवजी गॅलियम नायट्राइडचा ट्रान्झिस्टर वापरावा. त्याला गेटवर भार फार कमी लागतो आणि त्याची बांधणीही इतकी चपटी असते की तिच्यात इंडक्टन्सला (प्रवाह एकदम बदलू न देणाऱ्या तारेच्या गुणाला) फारशी जागा उरत नाही.

दुसरी अडचण डायोडच्या पायांची, आणि हीच खरी मेख आहे. सरळ तारेला मिलिमीटरमागे साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स असते. आपण दोन्ही पाय सेंटिमीटरभर ठेवले असतील तर वीस नॅनोहेन्रीच्या घरातला आकडा धरून चाला. तीन नॅनोसेकंदांत प्रवाह शून्यावरून ३० अँपिअरवर न्यायचा असेल तर केवळ त्या पायांवर मात करायला २०० व्होल्ट लागतील. आपल्याकडे आहेत २४, आणि त्यातले काही व्होल्ट डायोड स्वतःसाठीच ठेवून घेतो. तेच इंडक्टन्स दोन नॅनोहेन्रीवर आणले तर २० व्होल्टमध्ये काम भागते.

तेव्हा पाय मुळापाशी कापावेत, शक्य असल्यास बोर्डावर सपाट बसणारा डायोड घ्यावा. एका मोठ्या कपॅसिटरऐवजी लहान आकाराचे अनेक सिरॅमिक कपॅसिटर समांतर जोडावेत आणि प्रवाहाचा परतीचा मार्ग बोर्डाच्या लगतच्या थरातून, जाणाऱ्या मार्गाच्या अगदी खालून न्यावा. हे साधले तर या सर्किटाचे वागणे एका सोप्या सूत्रात मावते. दोन नॅनोहेन्री आणि दोन नॅनोफॅरड धरले तर प्रवाहाचा आकार अर्ध्या साइन लाटेसारखा येतो आणि त्याची रुंदी पाय (π) गुणिले दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.३ नॅनोसेकंद येते. ४० व्होल्टला शिखर कागदोपत्री ४० अँपिअर. प्रत्यक्षात डायोड आणि मॉस्फेट आपापला वाटा कापून घेतात.

काजवा

एक पाय चुकीचा, दुसरा पाय सूत्रातला. गणिताचे पाय कुठे कापायचे तेवढे सांगा.

जुनाजाणता

@ओमचा_नियम, उत्तर अतिशय नेमके आहे. त्यात एक जुनी वाट जोडतो. गॅलियम नायट्राइड येण्याच्या कितीतरी आधी आम्ही हेच काम साध्या ट्रान्झिस्टरकडून करून घेत असू. त्याच्या मर्यादेच्या काठावर जाईल इतके व्होल्टेज कलेक्टरला द्यायचे आणि बेसला हलकेच डिवचायचे. आतमध्ये विद्युतभारांचा लोंढा सुटतो आणि ट्रान्झिस्टर नॅनोसेकंदाच्या आत चालू होतो. याला अव्हलांच पद्धत म्हणतात. गंमत अशी की बहुतेक ट्रान्झिस्टर या कामासाठी बनवलेलेच नसतात, त्यामुळे एकाच पुडक्यातले काही चालतात आणि काही चालत नाहीत. मूठभर ट्रान्झिस्टर घेऊन एकेक तपासायचा, कामाचे ते वेगळ्या डबीत टाकायचे, हा आमच्या वेळी कामाचाच भाग असे. असल्या सर्किटाला मी शोध म्हणेन, कारण त्यातला प्रत्येक भाग त्याच्या माहितीपत्रकाच्या विरोधात वागत असतो.

निळीशाई

माहितीपत्रकाच्या विरोधात वागणे म्हणजे शोध, ही व्याख्या मान्य केली तर माझ्या घरातल्या निम्म्या वस्तू संशोधक ठरतील.

मस्करी बाजूला ठेवून विचारते. आपण सर्व जण नॅनोसेकंदांपाशी अडकला आहात. त्याच्या खाली हजारपटीने आणि लाखपटीने लहान स्पंद आहेत. तिथे तुमचा कोणता ट्रान्झिस्टर पोहोचतो?

दूरदृष्टी

@निळीशाई यांनी विचारलेच आहे तर उत्तर देतो : कोणताही नाही.

पिकोसेकंदाच्या, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या, खाली इलेक्ट्रॉनिक खटक्याचे राज्य संपते. तिथे प्रकाशालाच प्रकाशाचा खटका व्हावे लागते. लेझरच्या पोकळीत (दोन आरशांमधल्या जागेत) एकाच वेळी नांदणाऱ्या असंख्य कंपनांच्या कला एकमेकींशी जुळवून दिल्या की त्यांच्या बेरजेतून आपोआप अतिलघू स्पंद तयार होतो. याला मोड-लॉकिंग म्हणतात. १९६४ साली बेल लॅब्जमध्ये हीलियम-निऑन लेझरवर ते प्रथम केले गेले, तेव्हा बाहेरून ध्वनिलहरींनी ताल धरावा लागत होता. पुढे १९९१ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात सिबेट यांच्या गटाला टायटेनियम-नीलम लेझरमध्ये असे आढळले की तीव्र प्रकाश स्फटिकातून जाताना स्वतःच स्वतःसाठी भिंग निर्माण करतो, आणि त्यामुळे पोकळीत स्पंदांना अखंड प्रकाशापेक्षा झुकते माप मिळते. ६० फेमटोसेकंदांचे (फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंद मिळाले, आणि ते घडवण्यासाठी एकही जलद खटका लागला नाही.

मात्र लगेच दिव्याच्या बाजूने विजय जाहीर करू नये. हे स्पंद वाढवून बलवान करायचे तर वर्धक स्फटिकच फुटतो, कारण ऊर्जा थोडी असली तरी ती इतक्या कमी वेळात येते की शिखरशक्ती अवाढव्य होते. १९८५ साली रोचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी यावर तोड काढली. स्पंद आधी वेळेत ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी पुन्हा आकसायचा. २०१८च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी दिला गेला. आता सांगा, यात नवा दिवा कुठे आहे आणि नवा खटका तरी कुठे आहे? नवे आहे ते वेळेशी केलेले वर्तन. माझ्या मते किरणोत्सुक यांच्या प्रश्नात दोनच रकाने आहेत, तिथे तिसरा हवा.

वैद्यबुवा

दूरदृष्टी यांच्या तिसऱ्या रकान्यासाठी वैद्यकातून दोन उदाहरणे देतो.

पहिले नाडी-ऑक्सिमीटरचे. १९७०च्या दशकाच्या आरंभी निहोन कोहडेन या जपानी कंपनीत ताकुओ आओयागी वेगळ्याच खटपटीत होते. रक्तात सोडलेल्या रंगद्रव्यावरून हृदयाचे कार्य मोजताना नाडीच्या ठोक्यांमुळे मोजणीत चढउतार यायचे, आणि ते काढून टाकायचे होते. त्यांच्या लक्षात आले की दोन तरंगलांबींवरच्या या चढउतारांचे गुणोत्तर धमनीतल्या रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता सांगते. ज्याला कचरा समजून गाळायचे होते तीच माहिती निघाली. पुढे या उपकरणात ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन एलईडी आळीपाळीने लुकलुकू लागले. एक चालू, मग दुसरा चालू, मग दोन्ही बंद. हा अंधाराचा टप्पा महत्त्वाचा असतो. त्या वेळात खोलीतला प्रकाश तेवढा मोजून उरलेल्या मोजण्यांतून वजा करता येतो. दोन एलईडी आणि एकच ग्राहक डायोड असूनही कोणता प्रकाश कोणाचा, हे केवळ वेळापत्रकावरून कळते.

दुसरे उदाहरण गोंदण काढण्याचे. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी असे मांडले की त्वचेतल्या एखाद्या रंगीत कणाला त्याची उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच तापवले, तर शेजारच्या पेशींना धक्का न लावता तो कण नष्ट करता येतो. कण जितका लहान तितका स्पंद आखूड हवा. गोंदणाच्या शाईचे कण इतके बारीक असतात की नॅनोसेकंद किंवा त्याहूनही लहान स्पंद लागतात, म्हणून तिथे किरणोत्सुक यांचा लाडका क्यू-स्विच उपयोगी पडला. एकूण ऊर्जा तीच ठेवून ती सावकाश दिली तर त्वचा भाजेल, एवढाच फरक.

तळटीप

अवांतर होईल, पण टीव्हीच्या रिमोटचा उल्लेख पहिल्या पोस्टमध्ये आहे म्हणून लिहितो. त्यातला अवरक्त एलईडी नुसता चालू-बंद होत नाही, तर प्रत्येक ‘चालू’ कालखंडात पुन्हा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. समोरच्या ग्राहकाला तेवढ्याच तालाचे ऐकण्याची सवय लावलेली असते, त्यामुळे ऊन आणि दिवे यांच्या गदारोळातही त्याला आपला माणूस ओळखू येतो. स्पंदित प्रकाशाचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित शोध आहे.

निळीशाई

तळटीप यांनी तळटिपेत मुद्दा जिंकला आहे. अंधारात मोजणे आणि ठरलेल्या तालाचेच ऐकणे, ही दोन्ही कामे ग्राहकाची आहेत. ग्रॅहॅम बेल आणि टेन्टर यांनी १८८०मध्ये प्रकाशावरून आवाज पाठवणारा फोटोफोन केला, तेव्हाही दिवा म्हणून सूर्यच होता. नवे होते ते आवाजाने थरथरणारा आरसा आणि प्रकाशानुसार रोध बदलणारा सेलेनियमचा ग्राहक. त्याच प्रयोगांच्या ओघात छिद्रांच्या फिरत्या तबकडीने तुटक केलेला प्रकाश काही पदार्थांवर पडला की ते पदार्थच गुणगुणू लागतात, हे बेल यांना आढळले. आज शरीरातल्या रक्तवाहिन्यांची चित्रे घेण्यासाठी नॅनोसेकंद लेझर आणि ध्वनीचा ग्राहक वापरतात, त्याचे मूळ इथे आहे.

पेटंटपंडित

मी पेटंटांचे मसुदे वाचण्याचे काम करतो, म्हणून श्रेयाच्या प्रश्नाकडे जरा रूक्षपणे पाहतो. पेटंटात श्रेय हे दाव्यांच्या भाषेतच असते. स्पंदित प्रकाशाच्या पेटंटात पहिला दावा बहुधा असा उलगडतो : एक प्रकाशस्रोत, त्याला स्पंदित करणारे एक मंडल, परतणारा प्रकाश टिपणारा एक ग्राहक, आणि या सर्वांना वेळेत बांधणारा एक नियंत्रक. पहिले तीन घटक आधीच ज्ञात असतात आणि परीक्षकही ते क्षणात शोधून समोर ठेवतो. अर्ज तगतो तो ‘ज्यामध्ये’ या शब्दानंतर जे येते त्यावर. कपॅसिटर भरण्याचा आणि रिकामा करण्याचा क्रम, दोन स्पंदांमधले अंतर मुद्दाम अनियमित ठेवणे जेणेकरून शेजारच्या यंत्राचा प्रकाश आपला वाटू नये, पहिल्या प्रतिध्वनीवरून पुढच्या स्पंदाची शक्ती ठरवणे, अशा गोष्टी तिथे असतात.

म्हणून दिवा की खटका, या प्रश्नाला माझ्या टेबलावरचे उत्तर आहे : क्रम. निदान गेल्या काही दशकांच्या अर्जांत तरी मला तेच दिसते.

ओमचा_नियम

पेटंटपंडित यांचा मुद्दा पटतो, पण क्रमाला अंगात बळ देणारे सर्किटच असते. कपॅसिटर भरून रिकामा करण्याच्या पद्धतीत एक गुण आहे, जो कागदावर चटकन दिसत नाही. ४० व्होल्टला भरलेल्या दोन नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये १.६ मायक्रोज्यूल ऊर्जा असते. मॉस्फेट बिघडून कायमचा चालू राहिला, तरी एका स्पंदात त्याहून अधिक ऊर्जा डायोडपर्यंत पोहोचूच शकत नाही, आणि त्यानंतर डायोडला मिळतो तो केवळ भरणी करणाऱ्या रोधातून झिरपणारा किरकोळ प्रवाह. हाच डायोड थेट पुरवठ्याला जोडून मॉस्फेटने तोडजोड केली असती, तर त्याच बिघाडात काय झाले असते याची कल्पना करा. लेझर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात एखादा भाग बिघडला तरी वर्ग १ची, म्हणजे सर्वांत निर्धोक वर्गाची, मर्यादा ओलांडली जाऊ नये अशी अपेक्षा असते. ती सॉफ्टवेअरवर विसंबून पुरी करण्यापेक्षा कपॅसिटरच्या आकारावर सोपवलेली बरी.

@भिंगरी, ९०५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो बुबुळातून आत जाऊन दृष्टिपटलावर एकवटतो. दिसत नसल्यामुळे पापणी मिटण्याचे संरक्षणही मिळत नाही. त्या तरंगलांबीसाठी योग्य असा चष्मा वापरावा आणि झोत डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नये. १५५० नॅनोमीटरला बरीच अधिक ऊर्जा चालते, कारण ती डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषली जाते. पण ते डायोड आणि त्यांचे ग्राहक दोन्ही महाग.

भिंगरी

सर्वांचे आभार. चष्मा आधीपासून वापरते. गेट ड्रायव्हर बसवला, डायोडचे पाय मुळापाशी कापले आणि कपॅसिटर समांतर केले. टेकाड नाहीसे झाले आहे आणि आता सुमारे दहा नॅनोसेकंदांचा ओळखू येणारा स्पंद दिसतो. शेपटी मात्र अजून डचमळते आहे. शिवाय दुसरा एक डायोड होता, तो आता विचित्र वागतो. अवरक्त पाहू शकणाऱ्या कॅमेऱ्यात उजळतो, प्रवाहही तेवढाच घेतो, पण दहा पावलांवरच्या भिंतीवरून ग्राहकाला काहीच परत येत नाही.

अर्धवाहक

@भिंगरी, दुसऱ्या डायोडला श्रद्धांजली वाहावी. त्याच्या टोकाचा आरशासारखा पृष्ठभाग जळाला आहे. शिखरशक्ती मर्यादेपलीकडे गेली की तो थर काही नॅनोसेकंदांतच वितळतो. अर्धवाहकाची संधी शाबूत असल्यामुळे डायोड प्रवाह घेतो आणि साध्या एलईडीसारखा उजळतो, पण पोकळी मोडल्यामुळे तो लेझर राहिलेला नसतो. इंडक्टन्स कमी केल्यावर त्याच व्होल्टेजला शिखर प्रवाह वाढतो, हे ध्यानात घेऊन पुढच्या वेळी पुरवठा कमी व्होल्टेजपासून सुरू करून हळूहळू वर न्यावा.

शेपटीबद्दल : डायोडला उलटे व्होल्टेज फारसे सोसत नाही. त्याला उलट्या दिशेने समांतर असा एक शॉट्की डायोड (प्रवाह एकाच दिशेने आणि झटकन जाऊ देणारा), तोही अगदी खेटून, लावावा, म्हणजे मागे फिरलेल्या प्रवाहाला वाट मिळेल.

दूरदृष्टी

आणि ती शेपटी खरोखर आहे की नाही, हेही आधी तपासावे. ऑसिलोस्कोपच्या प्रोबला मगरीच्या तोंडाचा चिमटा असलेली लांब जमीन-तार लावली असेल, तर ती तार स्वतःच इंडक्टन्स असते आणि जे डचमळते ते कदाचित तुमचे मोजमाप असेल. तार काढून प्रोबच्या टोकाशीच स्प्रिंगची जमीन-जोडणी करावी. त्याहून चांगले म्हणजे प्रवाहाचा नाद सोडून जलद फोटोडायोडने प्रकाशच पाहावा. मात्र त्याच्यावर थेट झोत टाकू नये, भिंतीवरून विखुरलेला प्रकाश पुरतो, अन्यथा तो संपृक्त होऊन नवी शेपटी काढून देईल.

किरणोत्सुक

माझ्या धाग्याचे प्रयोगशाळेत रूपांतर झाले याचा आनंदच आहे. मूळ प्रश्नाकडे वळतो. निळीशाई आणि दूरदृष्टी यांचे म्हणणे वाचून मी प्रश्नाची मांडणी बदलू इच्छितो. फेमटोसेकंदांच्या जगाला माझे विधान लागू पडत नाही, ते तिथून काढून घेतो. पण जिथे अंतर मोजायचे आहे तिथे ते अजूनही टिकते, असे मला वाटते. प्रकाशाला जाऊन येण्यात एक नॅनोसेकंद लागला तर अंतर १५ सेंटिमीटर असते. स्पंदाची चढण जितकी उभी, तितके अंतर नेमके. म्हणजे दिवा कितीही तेजस्वी असला तरी यंत्राचा दर्जा खटका ठरवतो.

निळीशाई

पूर्णपणे नाही. चंद्राचे उदाहरण घ्या. १९६९मध्ये अपोलो ११च्या अंतराळवीरांनी तिथे परावर्तक ठेवले. पृथ्वीवरून सोडलेल्या प्रत्येक स्पंदात अब्जावधींच्या अब्जावधी फोटॉन असतात आणि परत मिळतो तो पुष्कळदा एखाददुसराच. एका फोटॉनला उभी चढण नसते, सपाट चढणही नसते. तो आला किंवा आला नाही. तरीही हजारो स्पंदांची नोंद जमवून आज अंतर मिलिमीटरच्या पातळीवर मोजले जाते, आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे हे त्यातूनच पक्के झाले. लहान स्पंद तिथेही लागतोच, ते मी नाकारत नाही. पण एकेक फोटॉन मोजणारा ग्राहक आणि त्याच्या येण्याची वेळ लिहिणारे घड्याळ नसते, तर तुमचा खटका चंद्रावर नुसती टिचकी मारून बसला असता.

पेटंटपंडित

‘ज्यामध्ये सदर टिचकी’ असा दावा मी अजून वाचलेला नाही. मसुदा पाठवा.

ओमचा_नियम

निळीशाई यांच्या मुद्द्याला धरून एक व्यवहारातली गोष्ट. जवळच्या अंतरमापकात चढणीचा प्रश्न ग्राहकाकडेही येतो. पांढऱ्या भिंतीवरून परतलेला जोरकस स्पंद ठरलेली पातळी लवकर ओलांडतो आणि काळ्या कापडावरून आलेला अशक्त स्पंद उशिरा. दोन्ही एकाच अंतरावर असूनही काळे कापड मागे असल्याचे दिसते. म्हणून जाणकार स्पंदाची रुंदीही मोजतात आणि तिच्यावरून ही तफावत दुरुस्त करतात, किंवा स्पंदाच्या शिखराच्या ठरावीक हिश्श्यावर वेळ धरतात. चढण उभी असेल तर मुळात दुरुस्तीच थोडी लागते, एवढे श्रेय खटक्याला द्यावे.

भिंगरी

जमीन-तार काढली, शॉट्की डायोड लावला. शेपटी तीनचतुर्थांश तारेचीच होती. उरलेली एक उसळी मुख्य स्पंदानंतर साधारण १५ नॅनोसेकंदांनी येते आणि डायोड पुठ्ठ्याने झाकला तरी प्रवाहाच्या आलेखात राहते, पण फोटोडायोडच्या आलेखात मात्र ती अजिबात दिसत नाही. तिला किती गांभीर्याने घ्यावे?

अर्धवाहक

प्रकाशात दिसत नसेल, तर ती लेझर सुरू होण्याच्या प्रवाहमर्यादेखाली आहे. अंतरमापनाला तिचा त्रास नाही. फक्त तिची दिशा उलटी नाही ना, एवढे एकदा पाहून घ्या, आणि पुरवठा वाढवाल तेव्हा पुन्हा पाहा.